प्रवाळ पाळणारीं माणसें

पोंवळें ही वस्तु मराठी घराला नवी नाहीं. नवरत्नांत तिची गणना आहे. मंगळाची पीडा टळावी म्हणून तांबड्या पोंवळ्याचा खडा अंगठींत बसवितात, आणि वैद्याच्या खलांतून निघालेलें प्रवाळभस्म मधांत कालवून रोग्याला चाटवितात. परंतु ज्यांनीं हें पोंवळें घडविलें, ज्यांनीं विकलें आणि ज्यांनीं बोटांत घातलें, त्यांपैकीं क्वचितच कोणी तें जिवंत पाहिलें असेल. कारण हें तांबडें पोंवळें मुळीं आपल्या समुद्रांतलें नव्हेच. तें भूमध्य समुद्राच्या खडकांवर वाढे. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलींतील लिव्होर्नो बंदरांतले व्यापारी तें गोव्यास पाठवीत, आणि त्याच्या मोबदल्यांत येथले हिरे घेऊन जात. इतक्या दूरची वस्तु आपल्या हातीं मेलेलीच यावी, यांत नवल तें काय?

आपल्या भाषेनेंहि या बाबतींत मोठी गंमत करून ठेविली आहे. संस्कृतांत 'प्रवाल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पोंवळें आणि दुसरा कोंवळी पालवी. रत्न म्हणून जो खनिजांच्या पंक्तीस बसला, तोच शब्द झाडाच्या फांदीवरहि फुटला! मग पोंवळें म्हणजे दगड कीं झाड? हा प्रश्न केवळ आपल्याच पूर्वजांना पडला असें नाहीं. युरोपांतल्या पंडितांना त्यानें दोन हजार वर्षें चकविलें. आणि अखेर त्याचें उत्तर निघालें तें 'दगडहि नव्हे, झाडहि नव्हे, प्राणी' असें.

आज आपणांपुढें जी हकीकत मांडावयाची आहे ती या उत्तराची आहे. खाऱ्या पाण्याची कांचपेटी घरांत ठेवून तींत प्रवाळ जगविण्याचा छंद आतां जगांतील अनेक शहरांत रूढ झाला आहे. या छंदांतल्या नवशिक्याला पहिल्या एक-दोन वर्षांत जें उमगतें, तें शास्त्राला उमगावयास दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला. आणि या दोनशें वर्षांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसून आली. संग्रहालयांतल्या वाळलेल्या फांदीनें प्रवाळाविषयीं फारसें कांहीं शिकविलें नाहीं. तें जिवंत ठेवण्याची जबाबदारी ज्यानें पत्करली, त्यालाच त्यानें आपलें गुपित सांगितलें.

प्राचीन ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यानें दगडांवरील आपल्या ग्रंथांत प्रवाळाचा उल्लेख केला आहे. रोमन कवि ओव्हिद याच्या काळीं अशी समजूत होती कीं, पाण्याखालीं मऊ असलेली ही वनस्पति वाऱ्याचा स्पर्श होतांच कठीण होते. ही समजूत सतराशें वर्षें टिकली. पुढें १७०६ सालीं बोलोन्याचा सरदार काउंट मार्सिली यानें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एक साधी गोष्ट केली. कोळ्यांनीं नुकत्याच काढलेल्या प्रवाळाच्या फांद्या त्यानें तत्काळ समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ठेविल्या. थोड्या वेळानें पाहतो, तों त्या तांबड्या सालीवर पांढरीं शुभ्र, आठ पाकळ्यांचीं फुलें उमललेलीं! फांदी पाण्याबाहेर काढली कीं तीं मिटत, पाण्यांत सोडली कीं पुन्हां उमलत. मार्सिलीचा आनंद गगनांत मावेना. फुलें सांपडलीं, तेव्हां प्रवाळ हें झाडच, असा त्यानें निर्णय दिला, आणि विद्वानांनीं तो मान्य केला.

मार्सेय येथील पेसोनेल नांवाच्या वैद्यानें हाच प्रयोग १७२३ सालीं आपल्या गांवीं व नंतर आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर केला. भांडें तसेंच, पाणी तेंच, फुलेंहि तींच. परंतु त्यानें तीं अधिक वेळ पाहिलीं. फुलाला हात लावला कीं तें आंत ओढलें जाई. पाण्यांत तीव्र आम्लाचे थेंब टाकले कीं आक्रसून जाई. खडकांना चिकटून राहणाऱ्या समुद्रपुष्पांना डिवचलें असतां तीं ज्या रीतीनें अंग चोरतात, तीच ही रीत. पेसोनेलनें ताडलें कीं हें फूल नव्हे, हा एक इवलासा प्राणी आहे. त्या पाकळ्या नसून भुजा आहेत. आणि ज्याला आपण दगड म्हणतों, तें त्या प्राण्यांच्या वसाहतीनें स्वतःसाठीं बांधलेलें घर आहे.

त्यानें हा शोध पॅरिसच्या विज्ञानसंस्थेकडे धाडला. तेथें रेओमूर हा त्या काळचा अत्यंत मान्यवर शास्त्रज्ञ होता. त्याला ही कल्पना इतकी विपरीत वाटली कीं, तिचें खंडन करितांना त्यानें लेखकाचें नांवच घेतलें नाहीं. बिचाऱ्याची शोभा होऊं नये, हा त्यांतला सद्भाव! पेसोनेल वेस्ट इंडीजमधील ग्वाडलूप बेटावर सरकारी वैद्य म्हणून निघून गेला. पुढें १७४० सालीं हॉलंडमध्यें एका घरीं मुलांना शिकविणाऱ्या त्रांब्ले नांवाच्या तरुणानें डबक्यांतला हायड्रा हा हिरवा जीव कांचेच्या बरणींत पाळला. त्याचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्याचा पुन्हां पूर्ण प्राणी झालेला त्यास आढळला. झाडाप्रमाणें दिसणारे व झाडाप्रमाणें फुटवे धरणारे प्राणी असूं शकतात, हें मग रेओमूरलाहि मान्य करावें लागलें. १७४२ सालीं त्यानें पेसोनेलचें म्हणणें खरें असल्याचें उदारपणें कबूल केलें. पेसोनेलचा सविस्तर ग्रंथ मात्र अखेर लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला, आणि तिनें त्याचा सारांश छापला.

येथवर प्रवाळ प्राणी आहे एवढें ठरलें. परंतु भांड्यांत घातलेला हा प्राणी कांहीं तासांत, फार तर कांहीं दिवसांत मरून जाई. तो जगतो कसा, खातो काय, वाढतो कसा, हें पाहण्याइतका वेळ कोणाला मिळतच नसे. ही अडचण दूर करण्याचा मान शंभर वर्षांनंतर एका गृहिणीकडे जातो.

अ‍ॅना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिराच्या एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ च्या शरद ऋतूंत ती टॉर्की या समुद्रकांठच्या गांवीं गेली असतां तिला खडकाला चिकटलेलीं लहान पेल्याच्या आकाराचीं जिवंत प्रवाळें मिळालीं. तीं लंडनला न्यावयाचीं कशीं? वाटेंत हिसके बसून तीं भांड्याच्या कडांवर आपटणार. तिनें सुई-दोरा घेतला आणि तीं प्रवाळें एका मोठ्या स्पंजावर चक्क टांचून टाकलीं. स्पंजामुळें तीं जागचीं हललीं नाहींत आणि सभोंवार पाणीहि खेळतें राहिलें. एखाद्या तज्ज्ञाला सुचली नसती अशी युक्ति शिवणकामाच्या पेटीनें सुचविली!

लंडनमध्यें खरी परीक्षा होती. समुद्र दूर, आणि ताजें पाणी संपत आलेलें. जुनेंच पाणी पुन्हां वापरावयाचें तर तें हवेशीं मिसळलें पाहिजे, हें अ‍ॅनाच्या ध्यानीं आलें. म्हणून उघड्या खिडकीपाशीं उभें राहून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत तें अर्धा-पाऊण तास ओतीत राहावयाचें, असा परिपाठ पडला. हें कष्टाचें काम घरांतली एक लहान मोलकरीण करीत असे. इतिहासानें तिचें नांव जपलेलें नाहीं. परंतु आजच्या कांचपेटींत हवेचे बुडबुडे सोडणारें जें विजेचें यंत्र घरघरत असतें, त्याची पूर्वज ती मुलगी होय. पुढच्या वर्षीं अ‍ॅनानें त्या पाण्यांत समुद्रांतील वनस्पतीहि ठेविल्या. तीं प्रवाळें सुमारें तीन वर्षें जगलीं, इतकेंच नव्हे तर त्यांची संख्याहि वाढली. ती कशी वाढली याचीं आपलीं निरीक्षणें अ‍ॅनानें १८५९ सालीं एका शास्त्रीय मासिकांत प्रसिद्ध केलीं.

त्याच सुमारास वॉरिंग्टन नांवाच्या लंडनच्या रसायनज्ञानें मासे, पाणवनस्पति आणि गोगलगायी एकत्र ठेवून १८५० सालीं असें दाखविलें कीं, मासा जो कार्बनी वायु सोडतो तो वनस्पति घेते, वनस्पति जो प्राणवायु सोडते तो माशाला मिळतो, आणि कुजलेलीं पानें गोगलगाय खाऊन टाकते. पाण्याच्या पेटींत एक छोटासा संसार चालतो, आणि त्यांतला एक जरी घटक चुकला तरी सगळ्यांचा नाश होतो. फिलिप हेन्री गॉस या निसर्गवेत्त्यानें हें तत्त्व समुद्राच्या पाण्याला लावलें. त्याच्या साहाय्यानें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जगांतलें पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याच्या पुस्तकानें 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर पोंचविला.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं गॉसनें कृत्रिम समुद्रजलाची कृति दिली होती. तींत साधें मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियमचें क्लोराइड व पोटॅशियमचें क्लोराइड असे चार क्षार होते. चुन्याचे क्षार त्यानें वगळले, कारण त्यांचें प्रमाण त्याला नगण्य वाटलें. आज हें वाचून नवशिकाहि हंसेल. कारण प्रवाळाचें घर बांधलें जातें तें चुन्याचेंच! समुद्राच्या एक लिटर पाण्यांत कॅल्शियम सुमारें ४०० मिलिग्रॅम असतें, आणि दगडी प्रवाळ पाळणारा मनुष्य त्याची मोजदाद किराणा दुकानदाराच्या काटेकोरपणानें करीत असतो. परंतु गॉसला हंसण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें कीं, पाण्यांत काय आहे हें विचारण्याची संवय त्यानेंच लाविली.

या यशाला एक काळी बाजू होती. गॉसचीं पुस्तकें वाचून हजारों सुशिक्षित स्त्रीपुरुष छिन्नी-हातोडे व बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. ओहोटीच्या वेळीं उघडीं पडणारीं खडकांतलीं डबकीं, जीं युगानुयुगें कोणी चाळविलीं नव्हतीं, तीं कांहीं वर्षांत ओसाड झालीं. घरीं नेलेले बहुतेक जीव पाणी नासून मेले, आणि ते भरून काढावयास माणसें पुन्हां किनाऱ्यावर आलीं. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या नाशाचें वर्णन केलें आहे, आणि आपल्या पुस्तकांमुळें हें घडलें याचें वडिलांना किती दुःख झालें, तेंहि नमूद केलें आहे. ज्यानें लोकांना समुद्रावर प्रेम करावयास शिकविलें, त्याच्याच शिकवणीनें तो किनारा लुटला गेला.

आतां एक शंका येईल. अ‍ॅना थिनचीं प्रवाळें लंडनच्या अंधाऱ्या हवेंत तीन वर्षें जगलीं, मग उष्ण समुद्रांतलीं रंगीबेरंगी प्रवाळें पाळणें पुढें शंभर वर्षें कोणास कां साधलें नाहीं? याचें कारण असें कीं, थंड पाण्यांतलें तें पेलेवजा प्रवाळ केवळ भक्ष्य पकडून जगतें. तांबड्या पोंवळ्याचेंहि तसेंच. उष्ण कटिबंधांतल्या प्रवाळभिंती बांधणाऱ्या जातींचा संसार मात्र निराळा. त्यांच्या शरीरांत शेवाळाच्या असंख्य सूक्ष्म पेशी बिऱ्हाड करून असतात. ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं त्यांना नांव दिलें. पण त्या तेथें काय करतात, यावर वाद चालूच राहिला. १९२८-२९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभिंतीवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख याँग यानें तर प्रवाळ हें अस्सल मांसाहारी आहे, शेवाळाचा त्याला अन्न म्हणून उपयोग नाहीं, असें मत दिलें. पुढें १९५८ सालीं मस्काटीन व हँड या अमेरिकन संशोधकांनीं समुद्रपुष्पावर किरणोत्सर्गी कार्बनाचा प्रयोग केला, आणि शेवाळानें सूर्यप्रकाशांत तयार केलेलें अन्न प्राण्याच्या शरीरांत उतरतें हें सिद्ध झालें. प्रवाळांतहि तोच व्यवहार चालतो हें लवकरच दिसून आलें. प्राण्यानें आसरा द्यावयाचा, शेवाळानें भाकरी द्यावयाची! अनेक जातींत तर प्रवाळाच्या गरजेचा बहुतेक भाग हें शेवाळच भागवितें.

म्हणजे उष्ण समुद्रांतलें प्रवाळ पाळावयाचें तर प्राण्याबरोबर त्याच्या पोटांतलें शेतहि पिकविलें पाहिजे, आणि शेताला ऊन हवें. न्यू कॅलिडोनिया बेटावरील नूमेया येथें काताला या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९५६ सालीं मत्स्यालय उघडलें, आणि वाहत्या समुद्रजलांत जिवंत प्रवाळें लोकांना दाखविलीं. जकार्ताच्या ली चिन एंग यानें १९६१ सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. त्याच्याजवळ अवघड यंत्रें नव्हतीं. समुद्रांतून आणलेले सजीव खडक, भरपूर ऊन आणि हवेच्या बुडबुड्यांची एक हलकी धार, एवढ्यावर त्याचीं प्रवाळें जगलीं. त्या खडकांच्या छिद्रांतले सूक्ष्म जंतु पाण्याची घाण पचवीत होते. पुढें बर्लिनमधील हौशी मंडळींनीं सजीव खडकांच्या जोडीला फेसाबरोबर घाण काढून टाकणारें यंत्र व प्रखर दिवे वापरून दगडी प्रवाळें घरांतच वाढवून दाखविलीं.

या इतिहासाचें सार आजचा नवशिका आपल्या पेटीपाशीं पुन्हां शिकतो. पहिल्या दिवशीं त्याला वाटतें कीं, आपण प्रवाळ पाळणार. महिनाभरानें त्याला कळतें कीं, आपणांस पाळावयाचें आहे तें पाणी. एक किलो पाण्यांत क्षार सुमारें ३५ ग्रॅम, उष्णतामान २४ ते २७ अंश, आणि दोहोंत चढउतार शक्य तितका थोडा. नव्या पेटींत कुजणाऱ्या पदार्थांपासून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करतात, तेव्हां कोठें पाणी राहण्याजोगें होतें. या जंतूंची वस्ती जमावयास कित्येक आठवडे लागतात, आणि तोंवर पेटी रिकामीच ठेवावी लागते. रिकाम्या पेटीकडे महिनाभर पाहत बसणें हाच या विद्येंतला पहिला धडा आहे. ज्याला तो साधत नाहीं, त्याच्या पेटींत गॉसच्या वाचकांचीच कहाणी पुन्हां घडते. त्यानंतरहि आरंभ मऊ व सोशीक जातींपासून करावा, आणि दगडी प्रवाळांकडे वर्षभर पाणी स्थिर राखतां आल्यावर वळावें, असें जाणते सांगतात.

शिवाय दुसरा एक मार्ग त्रांब्लेच्या बरणीनें दाखविलेला आहे. प्रवाळाचा तुकडा केला तर त्याची नवी वसाहत होते. म्हणून विवेकी छांदिष्ट समुद्रांतलें प्रवाळ मागत नाहीं. दुसऱ्याच्या पेटींत वाढलेल्या प्रवाळाची फांदी मागून आणतो, जशी आपल्याकडे शेजारणीकडून जास्वंदीची फांदी मागून आणतात. हीच कला आज उजाड झालेल्या प्रवाळभिंतींवर नवी लागवड करण्याच्या कामीं येत आहे.

आपल्या देशांत या विषयाला कायद्याची बाजूहि आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं भिंती बांधणारीं दगडी प्रवाळें घालण्यांत आलीं. तेव्हांपासून वाघाला जें संरक्षण, तेंच त्यांना. समुद्रांतून तीं उचलणें वा विकणें हा गुन्हा आहे. म्हणून आपल्याकडील जिज्ञासूनें खाऱ्या पाण्याची पेटी ठेवावी ती अशा प्रवाळांवांचून, आणि हीं प्रवाळें पाहावयास समुद्राकडेच जावें. मालवणच्या पाण्यांत तीं आहेत. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आंग्रे बँकेवर तर तीं विपुल आहेत.

हें संरक्षण पुरेसें आहे काय? पाणी नेहमींच्या कमाल उन्हाळी उष्णतेहून एखादा अंशच अधिक तापून कांहीं आठवडे तसें राहिलें, तरी प्रवाळ आपल्या अंगांतलें शेवाळ बाहेर टाकतें, पांढरें पडतें, आणि तापमान लवकर उतरलें नाहीं तर उपासमारीनें मरतें. १९९८ सालीं लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असा मोठा घाला पडला. जगभर अशी आपत्ति २०१० सालीं, २०१४ ते २०१७ या काळांत आणि २०२३ पासून पुन्हां ओढवली. पेटींतल्या पाण्याचा पारा दोन अंश चढला तर छांदिष्ट मनुष्य रात्रीं उठून पंखा लावतो. समुद्राला असा कोणी रात्रीं उठणारा नाहीं.

परंतु मुंबईंत घडलेली एक लहानशी गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. किनाऱ्यालगतचा नवा रस्ता बांधतांना वरळी व हाजी अली येथील खडकांवर प्रवाळाच्या १८ वसाहती आढळल्या. ज्या पाण्याकडे पाहून आपण नाक मुरडतों, त्या पाण्यांत! कायद्यानें त्यांना हात लावावयास परवानगी आवश्यक होती. ती घेऊन २०२० सालीं शास्त्रज्ञांनीं त्या खडकांसह उचलल्या आणि मुंबईच्याच दुसऱ्या किनाऱ्यांवर नेऊन बसविल्या. अ‍ॅना थिनच्या सुई-दोऱ्याची ही पुढची पिढी म्हणावयास हरकत नाहीं. आंगठींतल्या पोंवळ्याची पारख करणारे जवाहिरे या शहरांत पुष्कळ आहेत. पुढच्या ओहोटीला आपल्यापैकीं कोणी मुलांना घेऊन खडकांवर उतरलें, तर हातोडा घरीं ठेवावा, डबक्यापाशीं स्वस्थ बसावें, आणि पेसोनेलप्रमाणें थोडा अधिक वेळ पाहावें.